बैठे काम, शरीर आणि मन
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आरोग्य या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही वैद्य नव्हे, की डॉक्टर नव्हे. आयुष्यभर शाळेत मुलांना शिकविले आणि त्यापूर्वी वडिलांच्या दुकानात काजे केली, बटणे लावली, एवढीच आमची पात्रता. परंतु शिंप्याच्या घरात ज्याचे बालपण गेले, त्याला माणसाची प्रकृती कशाने खालावते हे पाहावयास दूर जावे लागत नाही. मान वाकलेली, पाठीला बाक आलेला, डोळे सुईच्या टोकाला खिळलेले, हेच चित्र आपण सर्वांनी आपापल्या वडिलांचे पाहिलेले आहे. चाळिशी लागली म्हणजे सुईत दोरा ओवण्यासाठी घरातील पोरांना हाका पडत. चष्मा घेण्यास मात्र आणखी पाच वर्षे जात. कारण गिऱ्हाईक म्हणेल, मास्तरांची नजर गेली!

आमच्या लहानपणी दुकानात पायाचे मशीन होते. पुढे त्याला मोटार बसविली. काम दुपटीने होऊ लागले आणि आम्हा सर्वांना मोठा आनंद झाला. परंतु त्या दिवसापासून वडिलांचे पाय थांबले, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. पायडल मारणे हा काही मोठा व्यायाम नव्हे. तरी पोटऱ्या हालत होत्या, पायांतील रक्त फिरते राहत होते. १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीवर काम करणारे. ड्रायव्हर दिवसभर बसून राही, तर कंडक्टर तिकिटे देण्यासाठी शेकडो पायऱ्या चढे-उतरे. हृदयविकार कंडक्टरांत कमी आढळला आणि ज्यांना झाला त्यांच्यातही तो तितका घातक ठरला नाही. आता आपल्यातील बहुतेकांनी मशीन सोडले आहे. मुले बँकेत, कचेरीत, संगणकासमोर बसतात. म्हणजे धंदा बदलला, बैठक बदलली नाही. पूर्वी निदान माप घेण्यास, कापड बेतण्यास उठावे तरी लागे.

संतशिरोमणी नामदेव महाराजांचे नाव आपण अभिमानाने घेतो. ते पंढरपुराहून पंजाबात गेले. घुमान येथे त्यांचे स्मारक आहे. तेथे २०१५ साली मराठी साहित्य संमेलन भरले, त्या वेळी आम्हीही गेलो होतो, अर्थात रेल्वेने. परत येईपर्यंत आमच्या मंडळींपैकी निम्म्यांचे पाय सुजले होते. हे विनोदाने सांगतो. पण प्रौढ माणसाने आठवड्यातून निदान १५० मिनिटे, म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटे, जरा धाप लागेल असे चालावे, हे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे ज्या समाजाच्या दैवताला वारीने जावे लागते त्याला अवघड का वाटावे? ज्यांना एकदम जमत नाही त्यांनी तासातून एकदा उठून पाणी आणावयास जावे. तांब्या उशाशी भरून ठेवू नये.

आहाराविषयी फार बोलत नाही. आपल्या भगिनी आमच्यापेक्षा अधिक जाणतात. दोनच गोष्टी सांगावयाच्या आहेत. एक मिठाची. दिवसाला सर्व मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, याहून अधिक मीठ जाऊ नये. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ त्याच हिशेबात धरावयाचे. रक्तदाब वाढला म्हणजे डोके दुखेलच, अशी आपली समजूत असते. ती खोटी आहे. पुष्कळांना काहीच होत नाही आणि एके दिवशी हात-पाय लुळे पडतात. म्हणून तिशीनंतर तो मोजून घ्यावा, आणि गोळी लागू झाली तर ‘आता बरे वाटते’ म्हणून आपल्या मनाने बंद करू नये.

दुसरी गोष्ट जरा कठोर आहे. आपल्या घरांतून बाई अजूनही शेवटी जेवते. भाजी संपली तर लोणच्याशी भाकरी खाते आणि लगेच चहा घेते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. शंभरांत चौपन्न! तिला थकवा येतो, धाप लागते, चिडचिड होते. आणि आपण म्हणतो, हिचा स्वभावच तसा. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळले तर ते अधिक लागते. परंतु लिंबापेक्षाही, घरातील पुरुषांनी तिचे ताट आपल्याबरोबर वाढून घ्यावे, याने अधिक काम होईल असे आमचे मत आहे.

आता ज्याच्यासाठी आम्ही वस्तुतः येथे उभे राहिलो, त्या गोष्टीकडे वळतो.

आमचे थोरले बंधू उत्तम कोट शिवीत. तयार कपड्यांचे युग आले तसे गिऱ्हाईक ओसरले. शेवटी लोक केवळ पँटीची उंची कमी करून घेण्यास येऊ लागले, आणि २००९ साली दुकान बंद झाले. प्रथम त्यांची झोप गेली. पहाटे तीन वाजता उठून ते ओट्यावर बसत. मग जेवण गेले, मग बोलणे गेले. घरातील मंडळी म्हणाली, धंदा बसला म्हणून मन लागत नाही, होईल हळूहळू ठीक. कोणी अंगारा आणला. वर्ष गेल्यावर तेच लोक म्हणू लागले की, हे आळशी झाले. एकदा ते आम्हांस म्हणाले, “आता जगून काय करावयाचे?” आणि आम्ही, मुलांना चांगल्या वळणाचे धडे देणारे आम्ही, विषय बदलला. असे विचारले तर त्यांच्या मनात भलतेच भरेल, अशी भीती वाटली. पुढे डॉक्टरांनी सांगितले की ही भीती निराधार आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय, हे शांतपणे आणि स्पष्ट विचारल्याने विचार भरत नाही, उलट माणसाचा भार हलका होतो.

डॉक्टरांकडे आधी का गेलो नाही, असे आपण विचाराल. पुतणीसाठी स्थळे पाहणे चालू होते. ‘वडिलांना वेड लागले आहे’ असा बोभाटा झाला तर मुलीचे कसे होणार! म्हणून पाहुणे आले की आम्ही सांगत असू, त्यांना साखरेचा त्रास आहे. मधुमेह सांगण्यास लाज वाटली नाही. नैराश्य सांगण्यास वाटली. दोन वर्षे अशी गेली. अखेर आमच्या वहिनी, ज्या सातवीपर्यंत शिकल्या आहेत, कोणालाही न विचारता त्यांना जिल्हा रुग्णालयात घेऊन गेल्या. तेथील मनोविकारतज्ज्ञांनी औषध सुरू केले. ते लागू पडावयास तीन-चार आठवडे लागले. तेवढ्यात ‘गुण येत नाही’ म्हणून ते बंद करावे असा सल्ला देणारे आमच्याच घरात तिघे होते. वहिनींनी ऐकले नाही. सहाव्या आठवड्यात बंधूंनी आपण होऊन चहा मागितला.

असे घर आमचे एकट्याचे नाही. २०१५-१६ साली बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने देशातील बारा राज्यांत पाहणी केली. दर दहा प्रौढांत एकास कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आजारागणिक पाहिले तर सत्तर ते नव्वद टक्के रुग्ण उपचारावाचून होते. या सभागृहात किती माणसे आहेत याचा हिशेब आपणच करावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी दवाखान्यात अशा उपचाराचा हक्क दिला आहे आणि विमा कंपन्यांनी शरीराच्या व मनाच्या आजारांत भेद करू नये असेही सांगितले आहे. १४४१६ या क्रमांकावर, २०२२ पासून, दिवसा-रात्री केव्हाही दूरध्वनी करून मराठीत बोलता येते; पैसे पडत नाहीत. हा क्रमांक आपण घरी भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

वधू-वर सूचक समितीला आमची एक विनंती आहे. आपल्या अर्जात उंची, वर्ण, पगार, नाडी, स्वतःचे घर, सर्व विचारले जाते. प्रकृतीविषयी कोणी खरे लिहीत नाही, कारण खरे लिहिणाऱ्याचा अर्ज बाजूला पडतो. आजार लपवून लग्न लावणे हा समोरच्या मुलीवर किंवा मुलावर अन्याय आहे, आणि तो उघडकीस आल्यावर रुग्णाचे औषध सर्वांत आधी सुटते, हे आम्ही एकाहून अधिक घरी पाहिले आहे. तेव्हा बैठकीच्या वेळी दोन्ही पक्षांनी डॉक्टरांसह मोकळेपणी बोलावे, अशी काही सोय समितीने करावी. वर्णाचा रकाना काढला तरी जागा होईल.

पुतणीच्या वेळी आम्ही शेवटी तेच केले. मुलाकडील मंडळींना खरे सांगितले. मुलाची आई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “आमच्या धाकट्या जाऊबाई त्याच गोळ्या घेतात.” लग्न झाले, तिला आज दोन मुले आहेत.

शेजारच्या खोलीत चार ते सहा या वेळात रक्तदाब तपासण्याची व्यवस्था केली आहे. जेवणापूर्वी सर्वांनी, विशेषतः भगिनींनी, तेथे जाऊन यावे, पंगत थांबेल.

आमचे बंधू आज दुसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांच्या परवानगीनेच हे सर्व सांगितले. आमच्या पाठीमागचा हा पडदा त्यांनीच शिवला आहे. डाव्या बाजूस तो दोन बोटे आखूड झाला, म्हणून सकाळपासून त्यांची चुटपुट चालली आहे.