धाब्याचा कठडा
(सोलापूर येथे सहकारी मित्रांच्या सभेत केलेले भाषण)



अनुवादाच्या २२व्या अध्यायातील ८वे वचन आपल्याला ठाऊक आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी पडून मेल्यास दोष त्या घरावर येईल, असे देव सांगतो. ही आज्ञा घरमालकाला आहे, हे लक्षात घ्या.

आमच्या पारधी वस्तीतला एकोणीस वर्षांचा मुलगा एका ठेकेदाराकडे मदतनीस होता. "लाइन बंद आहे, चढ," असे खालून सांगितले आणि तो चढला. लाइन चालू होती. हातमोजे नव्हते, कमरेला पट्टा नव्हता. जीव वाचला, पण उजवा हात गेला. त्याची आई मला म्हणाली, "ताई, पोराला कुणी शिकवलंच नव्हतं. नुसतं चढवलं."

१८७१च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले, सोलापुरातही ज्यांना सेटलमेंटच्या कुंपणात ठेवले, त्यांची ही नातवंडे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. जमीन नाही, शिक्षण तुटलेले. म्हणून मिळेल ते जोखमीचे काम ही मुले घेतात.

वीज डोळ्यांना दिसत नाही. नऊ वॅटचा एलईडी दिवा जेवढा प्रवाह घेतो, तेवढाही शरीरातून गेला तर जीव जाऊ शकतो. त्याहून कमी प्रवाहानेही स्नायू आखडतात आणि धरलेली तार सुटत नाही. आपल्या उन्हाळ्यात घामाने हात ओला असला, तर धोका आणखी वाढतो.

म्हणून प्रशिक्षणात मुले आधी सवयी शिकतात. मेन स्विच बंद करून फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवायचा. कोणी काहीही सांगो, टेस्टरने स्वतः तपासायचे. खांबावर डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय तारेला हात नाही. रबरी हातमोजे घालण्याआधी हवा भरून भोक आहे का ते पाहायचे. कोणी तारेला चिकटला तर त्याला धरायचे नाही. आधी वीज तोडायची, मग १०८ला फोन करायचा.

आता आपल्याविषयी. आपल्यातील कुणाचे यंत्रमाग आहेत, कुणाच्या विहिरीवर मोटार आहे. अर्थिंग शेवटचे कधी तपासले? नाताळात चर्चवर रोषणाई करायला शिडीवर जो मुलगा चढतो, त्याच्या हातात मोजे आहेत का, हे आपण विचारतो का? स्वस्तात काम करणारा शोधताना आपण कठड्याचेच पैसे वाचवत असतो.

त्या मुलाचा धाकटा भाऊ आयटीआयमध्ये वायरमनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करू इच्छितो. आईला भीती वाटते. आम्ही तिला सांगितले, की याला शिकवल्याशिवाय कोणी चढवणार नाही. हा शब्द पाळायला आपली प्रार्थना हवी, आणि हातमोजे, हेल्मेट व पट्टा यांसाठी आपले दानही हवे.

प्रभू आपणास आशीर्वाद देवो. आमेन.