थेरपी आईच्या हाती
(मंडळीच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांसाठी तुम्ही एखादं थेरपी सेंटर का बांधत नाही, असं तुमच्यापैकी अनेकांनी विचारलं. विचारणं प्रेमापोटीच आहे. पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. इमारत त्यांच्यामागे भिवंडीला जाऊ शकत नाही. आई जाते.

म्हणून थेरपी आईला शिकवायची. ही कल्पना आमची नव्हे. इंग्लंडमधली अशी एक पद्धत आपल्याकडे जुळवून घेऊन गोव्यात ‘संगाथ’ने आणि पाकिस्तानात रावळपिंडीला तपासली गेली; निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आले. २ ते ९ वर्षांची ६५ मुलं होती. शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते. आई-मुलाच्या खेळाचं चित्रण करायचं, मग आईबरोबर बसून ते पाहायचं: इथे त्याने तुमच्याकडे बघितलं, दिसलं का? अशा १२ बैठका. त्या पालकांनी मुलाच्या कलाने घ्यायला सुरुवात केली आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. मात्र दोघांनी एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ दुसऱ्या गटापेक्षा कमीच भरला. तेही सांगितलं पाहिजे. ऑटिझम मुळापासून बरा करतो म्हणणाऱ्याला, मग तो भगत असो की शहरातला दवाखाना, पैसे देऊ नका.

प्रत्यक्षात काय करतात? मूल चिंचोक्यांची रांग लावत बसतं. आई ती मोडते, ‘इकडं बघ’ म्हणते. त्याऐवजी तिने शेजारी बसायचं, त्याच्या रांगेत आपला एक चिंचोका ठेवायचा, एकच शब्द बोलायचा आणि थांबायचं. शब्द घरच्या भाषेतला, वारली असेल तर वारलीतला. थांबणं सगळ्यात अवघड. चुलीवर भात असतो. (महागडी खेळणी कृपया पाठवू नयेत. सुपात मूठभर चिंचोके पुरतात.)

दीड वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, तर आधी कान तपासून घ्यावे लागतात. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला आमच्या सेविका अशी मुलं दाखवतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात स्वमग्नता आहे, तेव्हा दाखल्यासाठीही धडपड करतो.

आता भट्टीचं. उचल घेतलेल्या बाईला दिवसा तासभर सोडायला मुकादम तयार नसतो. म्हणून सेविका रात्री जेवणं झाल्यावर खोपीत जातात. तिथे उजेड पुरत नाही, फोनवरच्या चित्रणात मुलाचा चेहरा दिसत नाही. यंदा दोन सेविकांच्या एस.टी. भाड्याबरोबर आम्ही बॅटरीवरचे दोन दिवेही मागत आहोत.