मायक्रोस्कोप घेताना डोळे उघडे ठेवा

(संघाच्या मासिक सभेत मोबाईल दुरुस्तीचं काम करणाऱ्या एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण)



मागच्या सभेत दोन गटांनी विचारलं होतं, दुरुस्तीच्या कामासाठी मायक्रोस्कोप घ्यायला कर्ज काढायचंय, तर कुठला घ्यावा? मला बोलायला सांगितलं, कारण आमच्या गटाने पहिला मायक्रोस्कोप चुकीचा घेतला. ती चूक तुमच्या हातून होऊ नये, म्हणून उभी आहे.

आधी हे बघा, की तुम्हाला तो लागतो का? सोलर दिव्याच्या जोडणीत बरेचसे भाग पायांचे असतात. पाय भोकातून काढायचा, मागून डाग द्यायचा. त्याला चांगला उजेड आणि लागत असेल तर चष्मा, एवढं पुरतं. एलईडी बल्बमधली चिप साधारण ३ मिलिमीटरची. तिला डोक्याला बांधायचं भिंग चालतं, ते काही शे रुपयांत मिळतं. पण मोबाईलच्या प्लेटवर १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असे भाग असतात. खसखशीच्या दाण्याएवढे! त्याहून बारीकही असतात. टाइप-सी चार्जिंग पिनचे पाय अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरवर. मध्ये जरा कथील राहिलं की झालं शॉर्ट. हे काम करायचं असेल तरच मायक्रोस्कोप.

आता आमची चूक सांगते. खोक्यावर ‘१००० पट’ लिहिलेलं बघितलं आणि आम्ही भुललो. कॉम्प्युटरला जोडायचा स्वस्तातला होता. मोठं दिसावं म्हणून लेन्स इतकी खाली आणावी लागायची, की खाली सोल्डरिंगची इस्त्री शिरायलाच जागा नाही. शिवाय हात पुढे गेलेला असायचा आणि पडद्यावरचं चित्र मागून यायचं. एका गिऱ्हाइकाची पिन आम्ही जाळली, ती पदरच्या पैशाने भरून दिली.

त्यातून शिकलो ते असं.

पहिलं, जागा बघा. लेन्स आणि प्लेट यांच्यात निदान १० सेंटिमीटर अंतर हवं, म्हणजे इस्त्री आणि चिमटा दोन्ही तिरके घालता येतात. लेन्सच्या खाली ‘०.५’ लिहिलेली जोडलेन्स बसवता येते. तिने अंतर साधारण दुप्पट होतं आणि मोठेपणा निम्मा होतो. धूरही तिच्यावर बसतो, वरची महागाची लेन्स वाचते.

दुसरं, पट कमी चालतात. डोळ्याजवळची लेन्स १० ची आणि खालची २ ची असेल तर २० पट झालं. डाग द्यायला १० ते २० पट भरपूर. पट वाढले की दिसणारी जागा आकसते आणि प्लेट जरा हलली तरी धूसर होतं. ४० पट फक्त नंतर तपासायला.

तिसरं, दोन डोळ्यांनी बघायचा, म्हणजे ‘स्टिरिओ’ प्रकारचा घ्या. इस्त्रीचं टोक टेकलंय की वर आहे, ते दोन डोळ्यांनीच नीट कळतं. शाळेत काचपट्टी ठेवून बघायचा असतो तो यासाठी घेऊ नका. त्यात उलटं दिसतं आणि लेन्स अगदी खाली येते.

पडद्याचा वाईटच असं नाही. मान अवघडत नाही, चौघींना एकदम शिकवता येतं, गिऱ्हाइकाला बिघाड दाखवता येतो. तपासायला तो चांगला. पण डाग देण्यासाठी घेणार असाल तर आधी त्याच्याखाली हात हलवून बघा, चित्र मागे राहतं का.

जुना मिळाला तर बिचकू नका. फक्त लेन्समधून उजेडाकडे बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, मग घेऊ नका. आपलाही पावसाळ्यात झाकून, कोरड्या जागी ठेवा.

आता हिशोब. समजा १२,००० रुपये कर्ज, १२ हप्ते, महिन्याला शेकडा एक रुपया व्याज. पहिला हप्ता १,१२० रुपये. एका फोनमागे १०० रुपये सुटत असतील तर महिन्याला १२ फोन नुसते हप्त्यासाठी झाले. तेवढे फोन आज तुमच्याकडे येतात का? येत नसतील तर आधी भिंगावर होणारी कामं घ्या, गिऱ्हाईक जोडा.

आणि डोळे आधी तपासून घ्या. चाळिशी लागलेली असली की आपण हात थरथरतो म्हणून स्वतःलाच बोल लावतो. मायक्रोस्कोपच्या दोन नळ्या आपल्या डोळ्यांच्या अंतराप्रमाणे जवळ-लांब करायच्या, नळीवरची कडी फिरवून दोन्ही डोळ्यांना सारखं स्पष्ट करून घ्यायचं. हे न करता बसलात तर डोकं दुखणारच. खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात जाऊ देऊ नका. कथलात शिसं असतं, म्हणून हात धुतल्याशिवाय भाकरीला किंवा लेकराला हात लावू नका.

आमचा दुसरा मायक्रोस्कोप आता टेबलावर आहे. घरातली एखादी बंद पडलेली प्लेट घेऊन या, स्वतःच्या हाताने एक डाग देऊन बघा. दुकानातही असंच करा. ‘लावून बघू द्या’ म्हणायला लाजू नका, पैसे आपले आहेत. मग गटात ठराव करा.