गायन पार्टीचे कार्यक्रम : तरुणांसाठी एक धंदा
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वस्तीत गाणारी पोरं भरपूर आहेत. ढोलकीवाला आहे, कोरस आहे. नाही तो त्यांच्यासाठी तारखा धरणारा, बिदागी ठरवणारा माणूस. हे काम आपल्याच मुलांनी का करू नये?

सुरुवात एकाच पार्टीपासून करा. दहा जणांना शब्द देणारा कुणाचंच काम करीत नाही. १४ एप्रिलला सगळेच बोलावतात, पण पोट वर्षभर असतं. तेव्हा हळद, बारसं, गृहप्रवेश यांचीही कामं धरा. सुपारी घेताना तारीख, वेळ, बिदागी, इसार, साऊंड कुणाचा, गाडीभाडं कुणाचं हे कागदावर लिहून सही घ्या. मंडळ ओळखीचं असलं तरी घ्या; भांडणं ओळखीतच होतात! उरलेले पैसे स्टेजवर चढण्यापूर्वी मागावेत, त्यात लाज कसली?

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्या जागेवर रात्री १० नंतर स्पीकर बंद. सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. परवान्याचा अर्ज आधीच करा आणि भाषणं आवरती घ्यायला मंडळाला सांगा. नाहीतर पाहुण्यांचे सत्कार चालतात साडेनऊपर्यंत, अन् गायकाच्या वाट्याला अर्धा तास.

आता खरा मुद्दा. कॅसेटच्या काळात कितीतरी कवी-गायक एकदाच मिळालेल्या थोड्या पैशांवर सही करून मोकळे झाले. कॅसेट गल्लोगल्ली वाजली, घरी काही आलं नाही. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला. आता गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. तो वारसांकडे किंवा त्यांच्या सोसायटीकडेच जातो. गीताचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. 'गाणं समाजाचं आहे' म्हणून नव्याने रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकू नका. हक्क कुणाकडे आहे ते शोधा, लेखी परवानगी घ्या, आणि कवीचं नाव गायकाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात छापा.

एप्रिलची तारीख ठरवायला मार्च उजाडू देऊ नका. दिवाळी झाली की वही घेऊन मंडळांच्या दारात जा.