घरची लक्तरं आणि ॲलिस वॉकर



ॲलिस वॉकर यांचा जन्म १९४४ सालचा, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला. आईवडील दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसायचे. आठ भावंडांत ॲलिस धाकट्या. शिक्षणानंतर त्या मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीत उतरल्या.

१९८२ साली त्यांची ‘द कलर पर्पल’ ही कादंबरी आली. तिची नायिका सीली घरातच बलात्कार सोसते, पुढे नवऱ्याचा मार खाते. कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून देवाला पत्रं लिहिते. १९८३ साली या कादंबरीला पुलित्झर पारितोषिक मिळालं. कादंबरीसाठी ते मिळवणारी ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. १९८५ साली चित्रपट आला, तेव्हा त्याविरुद्ध निदर्शनंही झाली. आरोप असा, की घरची लक्तरं वेशीवर टांगली, आपल्याच पुरुषांना बदनाम केलं, गोऱ्यांच्या हाती कोलीत दिलं.

ही भाषा आपल्याला नवी नाही. पण कादंबरी नीट वाचा. सीली विजारी शिवून स्वतःच्या पायावर उभी राहते, आणि तिला मारणारा नवरा अखेरीस बदलतो, तिच्याशेजारी बसून शिवतो. वॉकर यांनी पुरुषाला बदलण्याची वाट ठेवली, पण त्यासाठी सीलीला गप्प बसवलं नाही. वर्णद्वेषाशी लढतानाच घरातली मारहाणही बोलायची असते, हे त्यांनी लिहून दाखवलं.