पिल्लांच्या टाकीत पांढरे ठिपके आले तर

आजचा विषय पिकाचा नाही, गुरांचाही नाही. डासांच्या अळ्या खातात म्हणून गप्पी मासे आपण विहिरीत, हौदात सोडतो. तेच मासे मुलांच्या हट्टापायी घरातल्या काचेच्या टाकीतही आले आहेत. गप्पीची मादी जिवंत पिल्ले देते. पिल्ले दिसली की घरभर आनंद होतो. पण त्याच वेळी रोग आला, तर मोठ्या माशांना चालणारे औषध पिल्लांना सोसत नाही.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. बाजारातून आणलेले दोन मासे मी थेट टाकीत सोडले. थंडीचे दिवस होते. आठवड्याच्या आत माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. मासे खडीवर अंग घासू लागले. मी औषध आणले आणि लवकर गुण यावा म्हणून दुप्पट घातले. सकाळी पाहतो तो मोठे मासे जिवंत, ठिपके जसेच्या तसे, आणि पिल्लू एकही उरलेले नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, लोकांना तर तुम्ही औषध मोजून घाला म्हणून सांगता." यावर मी काय बोलणार?

चूक कुठे झाली ते पाहा. हा रोग एका पेशीच्या परोपजीवीमुळे होतो. ठिपक्यात तो माशाच्या कातडीखाली बसलेला असतो. खोडकिडा खोडात शिरल्यावर वरच्या फवाऱ्याने जसा मरत नाही, तसेच हे आहे. पुरता वाढल्यावर तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत त्याची शेकडो पिल्ले तयार होतात. ती पाण्यात पोहत नवा मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध लागू पडते ते याच पोहणाऱ्या अवस्थेत. म्हणून प्रमाण वाढवू नका, दिवस वाढवा.

गप्पी आणि मोली यांच्या पिल्लांसाठी साध्या मिठाचा उपाय बरा:

१. आधी पाणी मोजा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते. खडी आणि वरची रिकामी जागा वजा करून ४५ लिटर धरा.

२. लिटरला २ ग्रॅमप्रमाणे ९० ग्रॅम खडेमीठ घ्या. त्याचे तीन भाग करा. एकेक भाग तांब्याभर पाण्यात विरघळवून बारा-बारा तासांनी घाला. खडे तसेच टाकू नका.

३. हीटर असल्यास पाणी हळूहळू, दोन-तीन दिवसांत, २९-३० अंशांपर्यंत न्या. कोमट पाण्यात प्राणवायू कमी राहतो, म्हणून हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवा.

४. रोज तळाचे १० लिटर पाणी नळीने बादलीत काढा. नळीबरोबर आलेले पिल्लू बादलीत दिसते, ते परत सोडा. तेवढेच नवे पाणी त्याच तापमानाचे करून, २० ग्रॅम मीठ विरघळवून भरा. नळाचे पाणी आदल्या दिवशी उघड्या भांड्यात काढून ठेवा. वाफ होऊन पाणी घटले तर मात्र बिनमिठाचे पाणी घाला, कारण मीठ टाकीतच राहते.

५. शेवटचा ठिपका गेल्यानंतरही आठवडाभर उपचार चालू ठेवा. मग रोजच्या बदलात साधे पाणी भरत मीठ हळूहळू कमी करा.

बिनखवल्याच्या माशांना आणि टाकीतल्या काही वनस्पतींना एवढे मीठ सोसत नाही. त्या टाकीसाठी हे प्रमाण वापरू नका. पिल्ले कधीकधी ठिपका दिसण्याआधीच कल्ल्यांना रोग होऊन मरतात. ती पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागली, तर लगेच लक्ष द्या.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रोगट टाकीचे पाणी विहिरीत, ओढ्यात किंवा शेततळ्यात ओतू नका. रोहू-कटल्याच्या बोटुकल्यांनाही हा रोग होतो. पाणी कोरड्या जमिनीवर ओता. जाळी आणि बादली उन्हात खडखडीत वाळवा. नवे मासे आणले की तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवा.

मी हे तीन आठवडे पाळले असते, तर पिल्ले वाचली असती. आपण पाळा.