आईची पाळी कधी सुटते?

(जळोची येथील महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)

आपल्या बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी ते जोडलेलं आहे. अशा महाविद्यालयाच्या बालरोग विभागात कोण कोण काम करतं, असं विचारलं तर तुम्ही भराभर सांगाल: प्राध्यापक, शिकाऊ डॉक्टर, सिस्टर, मावशी. एक बाई मात्र यादीतून राहून जाते. बाळाची आई.

डॉक्टरांची फेरी संपते, सिस्टरची पाळी बदलते. आईची पाळी काही सुटत नाही. दूध काढायचं, वाटी-चमच्यानं पाजायचं, दुपटी धुवायची, रात्री बाळाचा श्वास बघत बसायचं. हे सगळं तिचं. हजेरीपटावर तिचं नाव नसतं.

मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी हे काम ओळखलं. धारावीसारख्या वस्त्यांमधल्या बाया तिथं बाळंतपणाला येत. बाळं फार, सिस्टर कमी, आणि जंतुसंसर्गानं बाळं दगावत. फर्नांडिसबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावडरचं दूध बंद केलं आणि आयांना आत घेऊन बाळांची देखभाल त्यांच्या हाती दिली. मृत्यू कमी झाले. १९८९ मध्ये तिथं आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. एका आईचं जादा दूध दुसरीच्या बाळाला मिळू लागलं.

म्हणजे आईच्या कामानं बाळं जगतात, हे माहीत होऊन किती वर्षं लोटली! २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला रोज ८ ते २४ तास उघड्या छातीशी धरावं. आठ तास म्हणजे एमआयडीसीतली एक पूर्ण पाळी. पोटाचे टाके ओले असताना जमिनीवरच्या चटईवर बसून ती कशी भरायची?

आता जेवणाचं ऐका. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळावर सरकारी रुग्णालयात मोफत उपचार होतात. त्याची मुदत आधी ३० दिवस होती, पुढे ती वर्षापर्यंत वाढली. आईचं मोफत जेवण मात्र साध्या बाळंतपणात ३ दिवस आणि सिझेरियनमध्ये ७ दिवस, इतकंच त्यात धरलं आहे. बाळ पेटीत महिनाभर राहिलं तर?

मागे एका रुग्णालयात ऊसतोडीची एक बाई भेटली. ताट बंद झालेलं, नवरा फडावर. चहा-बिस्किटावर दिवस काढत होती. म्हणाली, “ताई, दूध कमी झालं म्हणून सगळे मलाच बोलतात.” तिथल्या सिस्टर आपल्या डब्यातली अर्धी भाकरी तिला देत. त्यांच्याही अंगावर दोघींचं काम होतं.

तेव्हा सिस्टरशी भांडण नको. मागणं वरच्यांकडे करू या. बाळ दाखल असेपर्यंत आईला दोन वेळचं जेवण. बाळाशेजारी तिला खाट. स्वच्छ संडास-न्हाणी. बुडालेल्या रोजाची भरपाई. आणि पुरेशा सिस्टर.

आपल्यापैकी कुणाचंही बाळ दाखल झालं, की चौघीजणी मिळून जाऊ. बाळ कसं आहे हे सगळेच विचारतात. आपण आधी तिला विचारू, बाई, तू जेवलीस का?